आवडते विचित्र इंग्रजी शब्द आणि त्यांच्या मागच्या भानगडी

प्रश्न असा आहे की सहसा कानावर न पडणारे, विचित्र वाटणारे इंग्रजी शब्द कोणते आवडतात, अर्थासकट सांगा, आणि असे शब्द पाठ करून काही उपयोग होतो का. मी पंचवीसेक वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतरं करतेय, त्यामुळे दुसऱ्या भागाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नुसते पाठ करून काहीही होत नाही, तीन दिवसांत विसराल. पण शब्द आला कुठून, पहिल्यांदा कोणी वापरला आणि त्यानंतर कोणी वापरला की नाही एवढं बघितलंत तर तो आपोआप डोक्यात बसतो, आणि मुख्य म्हणजे तो खरा चालता-बोलता शब्द आहे की नुसतं शोकेसमधलं बाहुलं, हे कळतं. माझ्या वहीत असे बरेच शब्द आहेत, त्यातले थोडे सांगते.

लांबलचक शब्दांपासून सुरुवात करते कारण सगळे तिथूनच करतात. फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन, इंग्रजीत 29 अक्षरं, अर्थ काय तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. लॅटिनमध्ये ‘काडीचीही किंमत नाही’ म्हणायला चार वेगवेगळे शब्द होते, लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, शून्य आणि केस अशा अर्थांचे, ते चारही एकामागे एक जोडून शेवटी शेपूट लावलंय, म्हणजे लॅटिन व्याकरण घोकणाऱ्या पोरांचा आचरटपणा. विल्यम शेन्स्टोन नावाच्या कवीच्या 1741 च्या पत्रात तो सापडतो. गंमत म्हणून ठीक आहे. ते 45 अक्षरांचं फुप्फुसाच्या आजाराचं नाव मात्र मला अजिबात आवडत नाही, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिक वगैरे वगैरे. ते 1935 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या एका संघटनेच्या अध्यक्षानं मुद्दाम सगळ्यात लांब शब्द हवा म्हणून जुळवलं, आणि त्या आजाराला डॉक्टर सरळ सिलिकोसिस म्हणतात. म्हणजे ज्यांना त्याची गरज आहे तेच तो वापरत नाहीत! असा शब्द मी वहीत घेत नाही.

आता खरा आवडता. अल्ट्राक्रेपिडेरियन. अर्थ: स्वतःच्या कामाच्या पलीकडच्या विषयात ठामपणे मतं ठोकून देणारा माणूस. गोष्ट अशी की अपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार होता, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, तो म्हणे आपली चित्रं बाहेर मांडून ठेवायचा आणि मागे लपून लोक काय बोलतात ते ऐकायचा. एका चांभारानं चित्रातल्या सँडलमधली चूक काढली, अपेलीसनं ती सुधारली, दुसऱ्या दिवशी चांभार परत आला, बघतो तर आपलं ऐकलंय, मग भलताच खूश होऊन त्यानं चित्रातल्या पायावरही टीका सुरू केली. अपेलीस बाहेर येऊन म्हणाला, बाबा रे, सँडलच्या वर जाऊ नकोस. रोमन लेखक थोरला प्लिनी यानं ही गोष्ट लिहून ठेवलीय, आणि लॅटिनमध्ये सँडलला क्रेपिडा म्हणतात.

पण याच्यापुढची भानगड जास्त मजेशीर आहे. 1819 मध्ये विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकारानं विल्यम गिफर्ड या समीक्षकाला उद्देशून एक जाहीर पत्र छापलं आणि त्यात त्याला अल्ट्राक्रेपिडेरियन समीक्षक म्हटलं. आता वरवर बघितलं तर एक विद्वत्तापूर्ण शिवी, बस. पण गिफर्ड हा लहानपणी खरोखरच चांभाराकडे उमेदवारी करत होता! म्हणजे हॅझलिटनं एका दगडात दोन पक्षी मारले, आणि त्यातला दुसरा नेम चांगलाच खालच्या पातळीवरचा होता, जन्माच्या परिस्थितीवरून टोमणा मारणं मला पटत नाही, पण शब्द म्हणून कारागिरी बघा.

भाषांतर करताना हा शब्द आला की पटकन ‘उंटावरचा शहाणा’ सुचतो, मीही एकदा तेच लिहून मोकळी झाले होते. नंतर लक्षात आलं की बसत नाही. उंटावरच्या शहाण्याचा सल्ला पहिल्यापासूनच मूर्खपणाचा असतो, आणि या चांभाराचं सँडलबद्दलचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर अपेलीसनं ऐकलं. एका विषयात खरोखर हुशार असलेला माणूस दुसऱ्या विषयात जाऊन बरळतो तेव्हाच हा शब्द लागू होतो. मराठीत यासाठी एकच शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि म्हणूनच तो वहीत पहिल्या पानावर आहे.

दुसरा डीफेनेस्ट्रेशन. माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. एवढ्या विशिष्ट गोष्टीला वेगळा शब्द कशाला लागतो असं वाटेल, पण प्राग शहरात हे एकदा नाही, अनेकदा झालंय. 1419 मध्ये तिथल्या नगरसभेच्या लोकांना खिडकीतून खाली टाकलं, ते मेले. मग 23 मे 1618 ला प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणीसाला खिडकीतून फेकलं, साधारण 21 मीटर खाली, आणि तिघंही जगले! कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले शेणाच्या ढिगावर पडले, ज्याचा त्याचा धर्म. या प्रकरणातून पुढे युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध पेटलं, म्हणजे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पण त्या बिचाऱ्या चिटणीसाला सम्राटानं नंतर सरदारकी दिली आणि त्याच्या नावापुढे जी पदवी लागली तिचा अर्थ होतो ‘उंचावरून पडलेले’. लॅटिनमध्ये खिडकीला फेनेस्ट्रा म्हणतात, बाकी शब्द सोपा आहे. हल्ली कॉम्प्युटरवाले लोक विंडोज काढून टाकून दुसरी सिस्टीम टाकण्याला गमतीनं हाच शब्द वापरतात, मला तो विनोद दर वेळी आवडतो.

सेरेंडिपिटी आता फारसा अनोळखी राहिलेला नाही, पण तो नव्वद टक्के वेळा चुकीचा वापरला जातो म्हणून घेते. लोक त्याचा अर्थ नुसता ‘सुखद योगायोग’ असा धरतात. हा शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं 28 जानेवारी 1754 च्या एका पत्रात बनवला, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या एका जुन्या गोष्टीवरून, आणि त्यानं स्वतः समजावून सांगितलंय की ते राजपुत्र योगायोगानं आणि चाणाक्षपणानं, दोन्हींमुळे, न शोधलेल्या गोष्टी शोधून काढायचे. उदाहरण दिलंय तेही योगायोगाचं कमी आणि डोक्याचं जास्त: रस्त्याच्या डावीकडचं गवत खराब असूनही तेवढंच खाल्लेलं दिसलं, त्यावरून एका राजपुत्रानं ओळखलं की इथून नुकतंच गेलेलं खेचर उजव्या डोळ्यानं आंधळं होतं. म्हणजे नशिबानं समोर टाकलं तरी बघणारा डोळा आपला लागतो.

आपल्याकडे काकतालीय न्याय आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. घुणाक्षर न्याय तर त्याहून सुंदर, किडा लाकूड पोखरत जातो आणि चुकून अक्षर उमटतं. पण या दोन्हींमध्ये ना कावळ्याला अक्कल आहे ना किड्याला, त्यामुळे सेरेंडिपिटीला यातला एकही पुरा पडत नाही, हा वाद मी कितीतरी संपादकांशी घातलाय. आणि सेरेंडिप म्हणजे श्रीलंकेचं जुनं फारसी-अरबी नाव, मागे गेलात तर सिंहलद्वीपापर्यंत पोचता. एवढा इंग्रजी वाटणारा शब्द आणि त्याच्या पोटात आपलं ‘द्वीप’ बसलंय!

पेट्रिकोर पटकन सांगते. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की येतो तो वास. शब्द अगदी अलीकडचा आहे, 1964 मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधल्या लेखात तो वापरला. पेट्रा म्हणजे दगड, आयकोर म्हणजे ग्रीक देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहणारा द्रव. कोरड्या दिवसांत वनस्पतींमधून निघणारी तेलं माती-दगडात मुरतात आणि ओल लागली की बाहेर पडतात असं त्यांनी दाखवलं, शिवाय मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, तो खास मातकट वास त्याचा. मराठीत मृद्गंध आहेच, आणि तो बोलताना फारसं कोणी म्हणत नाही हेही खरं, आपण ‘मातीचा वास’ म्हणतो आणि भागतं. पण देवांचं रक्त दगडातून वर येतंय ही कल्पना एका रसायनशास्त्राच्या लेखात सापडते याचं मला कौतुक आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. ‘विचित्र शब्द’ म्हणून जे फिरत असतात त्यातले निम्मे फक्त इंग्रजीतून बघितलं तरच विचित्र असतात. पॅन्डिक्युलेशन. ऐकून वाटेल की अणुभट्टीत काहीतरी बिघडलंय. अर्थ? आळोखेपिळोखे देणं! आपण तो शब्द रोज सकाळी वापरतो आणि तो उच्चारतानाच अंग मोकळं होतं. बॉर्बोरिग्मस म्हणजे पोटात गुडगुडणं. यात आपण जिंकलो असं म्हणायचं नाहीये, हे डॉक्टरी शब्द आहेत, रोजचं बोलणं इंग्रज लोकही साध्या शब्दांतच करतात. उलट बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं त्या प्लास्टिकच्या नळीला ॲग्लेट म्हणतात, इंग्रजी आय अक्षराच्या डोक्यावरच्या टिंबाला टिटल, नखाच्या बुडाशी असलेल्या पांढुरक्या चंद्रकोरीला लुन्युला, लॅटिनमधला छोटा चंद्रच तो. हे काम पडेल तेव्हा बघावेत, पाठ कशाला करायचे.

शरीरावरून आठवलं, मसल. हा काही विचित्र शब्द नाही, पण उघडून बघितलात तर आत उंदीर निघतो. लॅटिन मुस्कुलस म्हणजे छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळतोय असं दिसतं म्हणून. (आपला मूषक आणि त्यांचा माऊस हे एकाच घराण्यातले.) आणि आता मराठीत त्याला काय म्हणतात बघा: बेडकुळी, कोणी बेटकुळी म्हणतं. छोटी बेडकी! दंड तोच, फुगवणारे तेच, एकाला उंदीर दिसला आणि दुसऱ्याला बेडूक. हे लक्षात आलं त्या दिवशी माझं बाकीचं काम झालंच नाही.

काही शब्द दिसायला एकदम साधे आणि आतून दगाबाज असतात, ते मला लांबलचक शब्दांपेक्षा जास्त विचित्र वाटतात. सँक्शन म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. क्लीव्ह म्हणजे चिकटून राहणं आणि दुभंगणंसुद्धा, ते मुळात दोन वेगळे शब्द होते आणि रूप एकसारखं होऊन बसलं. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, आणि नजरचूक पण. यावरून मी स्वतः माती खाल्लेली आहे. अगदी सुरुवातीच्या काळात एका संस्थेचा अहवाल भाषांतराला आला होता, रात्री उशिरापर्यंत बसून संपवला, त्यात ओव्हरसाइट कमिटीला मी ‘नजरचूक समिती’ लिहून पाठवलं. एकदा नाही, चौदा ठिकाणी. पलीकडच्या गृहस्थांनी फक्त एवढंच कळवलं की आमच्या समितीचं काम तुम्ही फार अचूक ओळखलंत. तेव्हापासून ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला येतो असं वाटतं तो मी दोनदा बघते.

आता खोटे शब्द, कारण शब्दाची कुंडली का बघायची ते इथे कळतं. 1934 च्या वेबस्टरच्या मोठ्या डिक्शनरीत डॉर्ड नावाचा शब्द होता, अर्थ दिलेला घनता. असा शब्दच नाही! झालं असं की 1931 मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकानं एक चिठ्ठी लिहिली की घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी हे संक्षिप्त रूप वापरतात, इंग्रजीत ‘डी ऑर डी’. ती चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, कोणीतरी तिन्ही जोडून वाचलं, दुसऱ्या कोणीतरी उच्चारसुद्धा देऊन टाकला आणि छापून मोकळे. 1939 मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं, कशावरून तर या शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नव्हती. आईबाप नसलेला शब्द म्हणून सापडला. तरीही तो पानावरून जायला आणखी काही वर्षं लागली.

ही झाली चूक. काही वेळा मुद्दाम करतात. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीच्या 2001 च्या आवृत्तीत एस्क्विव्हेलियन्स हा शब्द घातला होता, अर्थ स्वतःच्या कामाची जबाबदारी जाणूनबुजून टाळणं, आणि तो संपादकांनी पूर्णपणे बनवलेला होता, आपली डिक्शनरी कोण कॉपी करतं ते पकडायला. असल्या सापळ्याला माउंटवीझल म्हणतात, कारण 1975 च्या एका अमेरिकन विश्वकोशात लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल नावाच्या बाईंची नोंद होती, कारंजी डिझाइन करता करता फोटोग्राफर झालेल्या, आणि ज्वालाग्राही पदार्थांवरच्या मासिकासाठी काम करताना स्फोटात गेलेल्या. बाई कधी जन्मल्याच नव्हत्या. आता गंमत अशी की माउंटवीझल हा शब्द लोक खरोखर वापरतात, म्हणजे खोटं नाव खरा शब्द झालं, त्यामुळे हा वहीत आहे.

आणि मध्ये कुठेतरी लटकलेले असतात ते ॲप्रिसिटीसारखे. थंडीतल्या उन्हाची ऊब, किती छान अर्थ आहे, दर हिवाळ्यात कोणीतरी मला हा पाठवतंच. हेन्री कॉकरम यानं 1623 मध्ये अवघड इंग्रजी शब्दांची डिक्शनरी काढली त्यात हा आहे, पण त्या काळात तो कोणी वाक्यात वापरल्याचं दिसत नाही. त्या वेळी लॅटिनवरून भारदस्त शब्द पाडण्याची फॅशनच होती. मला स्वतःला ‘कोवळं ऊन’ पुरतं, पण लोकांनी आज तो वापरायला घेतला असेल तर उशिरा का होईना जन्माला आला म्हणायचं, माझी हरकत नाही. हरकत आहे ती खोट्या कहाण्यांना. न्यूज हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आला असं शाळेत शिकवतात, साफ खोटं आहे, तो ‘नवीन’वरूनच आलाय. पॉश हा शब्द ‘बोटीवर जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची केबिन’ याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आला म्हणतात, त्याचाही काडीचा पुरावा नाही. माझा ठोकताळा असा की जुन्या शब्दाची व्युत्पत्ती आद्याक्षरांवरून सांगितली की आधी संशय घ्यायचा, कारण आद्याक्षरांचे शब्द बनवायचा नाद मुख्यतः विसाव्या शतकातला.

खरी कहाणी बहुतेक वेळा खोटीपेक्षा भारी असते हो. सॅम्युएल मॅव्हरिक हा टेक्सासमधला एकोणिसाव्या शतकातला माणूस, त्याच्या गुरांवर डाग दिलेला नसायचा, त्यामुळे बिनडागाचं मोकाट वासरू म्हणजे मॅव्हरिक, आणि त्यावरून कळपात न राहणारा माणूस. त्याचाच नातू मॉरी मॅव्हरिक, सरकारी नोकरीत असताना कार्यालयीन भाषेला इतका वैतागला की 1944 मध्ये त्यानं तिला गॉबलडिगूक असं नाव दिलं, टर्की पक्ष्याच्या आवाजावरून. आजोबांचं नाव शब्द झालं आणि नातवानं शब्द बनवला. सरकारी परिपत्रकं भाषांतराला आली की मी या नातवाची मनातल्या मनात आठवण काढते.

आणि माँगूस! याच्यात गूस नाही, म्हणून अनेकवचन गीजसारखं होत नाही, माँगूसेस होतं. हा तर सरळ आपला मुंगूस आहे, डिक्शनऱ्या त्याचं मूळ मराठी म्हणून देतात.

राहिलं बोलताना वापरायचं. लिहिताना एखादा वापरा, बोलताना समोरच्याला गोष्ट सांगायची तयारी असेल तरच. इंग्रजीत ओव्हरमॉरो असा जुना शब्द आहे, अर्थ उद्यानंतरचा दिवस, सोळाव्या शतकात होता, नंतर मेला, आणि आज त्यांना तीन-चार शब्द जोडून तेवढंच म्हणावं लागतं. मला फार हळहळ वाटली म्हणून एका इंग्रजी संपादिकेला मी हौसेनं लिहिलं की मसुदा ओव्हरमॉरो देते. तिचं उत्तर आलं, नक्की तारीख सांग. मी जरा नाराज झाले, आणि मग आठवलं की आपला ‘परवा’ गेलेला आहे की यायचाय हे तरी क्रियापद ऐकल्याशिवाय कुठे कळतं. तारीख लिहून पाठवली.